शंभरपैकी शहाण्णव

मामांना निवृत्त होऊन सात महिने झाले होते. या सात महिन्यांत इमारतीतल्या एकाही घराने पेट घेतला नव्हता आणि त्याचं श्रेय मामा बिनदिक्कत स्वतःकडे घेत. एकतीस वर्षं त्यांनी विमा कंपनीत धोका-तपासनीस म्हणून काढली होती. कारखाना असो, गोदाम असो की छापखाना, विमा उतरवण्याआधी मामा तिथे जाणार, जागा जळेल का, पाण्यात जाईल का, कुणी फोडून लुटून नेईल का हे पाहणार आणि शंभरपैकी गुण देणार. त्यांनी ऐंशीच्या वर गुण दिलेली एकही इमारत कधी जळली नाही. पन्नासच्या खाली गुण दिलेल्याही फारशा जळल्या नाहीत, पण ते मामा सांगत नसत.

निवृत्त झाल्यावर तपासायला उरली फक्त समोरच्या घरात राहणारी त्यांची बहीण, ताई. मामा रोज सकाळी तिच्याकडे चहाला जात आणि चहाच्या आधी वाकून गॅसची नळी हुंगत. ताई त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठी. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये तीस वर्षं चारशे माणसांचा स्वयंपाक करून तीही नुकतीच घरी बसली होती. हातात एकरकमी पैसे आले होते आणि मनात एकच गोष्ट होती. कोपऱ्यावरचा रिकामा गाळा घ्यायचा, चार टेबलं टाकायची, आणि मागून कुणी 'आटपा, आटपा' असं ओरडत नसताना स्वयंपाक करायचा. घोडं एवढ्यावरच अडलं होतं की गाळ्याची किंमत तिच्या पैशांच्या बरोबर दुप्पट होती.

"आई, दुप्पटच होतील," ताईचा जावई म्हणाला. "सहा महिन्यांत."

जावयाचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारा हा माणूस स्वतः मात्र मोबाइलवर आलेलं कुठलंही अक्षर डोळे मिटून खरं मानी. स्वभावाने सोन्यासारखा, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येत नसे.

"दोन रस्ते आहेत," तो खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "एक म्हणजे एक्स्चेंज. ॲपवर पैसे भरायचे, क्रिप्टोचे, म्हणजे डिजिटल चलनाचे कॉइन घ्यायचे आणि भाव चढला की विकायचे. दुसरा मायनिंग. शहराबाहेर एका कंपनीची शेड आहे. त्यातलं एक मशीन आपण विकत घ्यायचं. ते तिथेच राहतं आणि दिवसरात्र गणितं सोडवतं. गणित सुटलं की बक्षीस म्हणून कॉइन मिळतो."

"कुणाची गणितं?" ताईने विचारलं.

हे जावयाला माहीत नव्हतं. "सगळ्यांचीच," तो म्हणाला.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," ताई म्हणाली. "मामांना विचारा. आयुष्यभर धोकेच बघितलेत त्याने. तो हो म्हणाला तर हो, नाही म्हणाला तर नाही."

मामांच्या अंगात वारं शिरलं. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणी त्यांना काही तपासायला सांगत होतं. त्याच दुपारी माळ्यावरून चामड्याची बॅग खाली आली. टॉर्च, मोजपट्टी, थर्मामीटर आणि बेचाळीस कलमांचा छापील तक्ता, सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि तेव्हा ते चक्क शीळ घालत होते.

पहिला नंबर एक्स्चेंजचा लागला. मामांनी मदत केंद्राला फोन केला.

"तुमच्या इमारतीचा पत्ता सांगा."

"सर, आमचं सगळं ऑनलाइन असतं," पलीकडून एक मुलगी म्हणाली.

"म्हणजे दार नाही?"

"दार नाही, सर."

"मग आग लागली तर तुम्ही बाहेर कुठून पडणार?"

"सर, मी घरूनच काम करते. माझ्या घराला दार आहे."

"किती दारं?"

"एकच, सर."

मामांनी तिला मागच्या बाजूला दुसरं दार पाडून घ्यायचा सल्ला दिला, मुलांना सांभाळ म्हणाले, तिला मुलं नव्हती, तरी ती बरं म्हणाली. फोन ठेवून त्यांनी एक्स्चेंजला शंभरपैकी अकरा गुण दिले.

"अकरा तरी कशाचे?" जावयाने विचारलं.

"मुलगी सभ्य होती."

दुसऱ्या दिवशी जावयाच्या स्कूटरवर मागे बसून, बॅग पोटाशी धरून मामा शेडवर गेले. टायरच्या गोदामामागे लांबलचक पत्र्याची शेड होती. दारात टाय लावलेला व्यवस्थापक उभा होता आणि त्याने काही बोलायच्या आधीच मामांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. मामा तिथेच अर्धे विरघळले. एकतीस वर्षांत कुणी न मागता हेल्मेट दिलं नव्हतं.

आत गेल्यावर उरलेलेही विरघळले. दर दहा पावलांवर आग विझवायचं लाल नळकांडं, त्यावर मुदतीची ताजी चिठ्ठी. वाळूच्या बादल्या ओळीने टांगलेल्या, आणि वाळू चाळलेली! जमिनीवर हिरवे बाण. दोन्ही टोकांना बाहेर पडायची दारं, एकाही दाराला कडी नाही. मधोमध मांडण्यांवर दोनशे करडी खोकी, प्रत्येकावर निळा दिवा, प्रत्येकातून बारीक घुंऽऽ असा आवाज. मामा हात मागे बांधून फिरले, कारण तपासनिसाने कशालाही हात लावायचा नसतो हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता. थर्मामीटर म्हणाला बावीस. विजेचा मीटर अगदी रमतगमत फिरत होता.

वाटेत कुणीतरी फरशी पुसायचा दांडा आडवा ठेवला होता, त्याचे चार गुण कापले. बाकी शहाण्णव. इतके गुण त्यांनी आजवर फक्त एका पाण्याच्या टाकीला दिले होते.

"सर, अहवालाची एक प्रत आम्हालाही मिळाली तर," व्यवस्थापक भारावून म्हणाला. मामांनी तिथेच प्रत काढून दिली आणि खाली लफ्फेदार सही ठोकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई टेबलाशी मटार सोलत बसली होती. सही केलेला चेक समोर पडला होता आणि दुपारी जावई तो घेऊन जाणार होता. मामांनी चष्मा चढवला आणि अहवाल वाचायला घेतला, एकेक कलम, आवाजात चढउतार आणत. ताई मान डोलवत होती.

"कलम सतरा. तापमान. बावीस अंश. वातावरण अत्यंत आल्हाददायक. उष्णतेमुळे आगीचा धोका नाही. पूर्ण गुण."

"एसी असेल," ताई म्हणाली.

"एसी नाही. पंखाही नाही. एक खिडकी उघडी, बस."

ताईचा अंगठा शेंगेवर थांबला. "मशीनं किती म्हणालास?"

"दोनशे."

"आणि दिवसरात्र चालू?"

"दिवसरात्र. पुढे ऐक, कलम अठरा. विजेचा वापर. संयमित. पूर्ण गुण."

"भाऊ," ताई म्हणाली, "आमच्या कँटीनला एक भट्टी होती. एकच. तिच्या धगीने माझी भुवई दोनदा गेली. जावयाच्या दुकानात ते काचा घासायचं मशीन आहे ना, टीचभर, ते दहा मिनिटं चाललं की हात लावू देत नाही. दोनशे मशीनं रात्रंदिवस राबतायत आणि तिथे आल्हाददायक कसं?"

मामांनी कलम सतरा पुन्हा वाचलं. मग अठरा. ते त्यांच्याच अक्षरात होतं आणि प्रत्येक ओळीपुढे त्यांचीच ठसठशीत बरोबरची खूण होती. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"तू हात लावून बघितलास का एखाद्याला?"

"तपासनिसाने हात लावायचा नसतो," मामा म्हणाले. चेक त्यांनी खिशात घातला आणि चप्पल उलटसुलट चढवून ते जिना उतरले.

जावयाने दुकान अर्धवट बंद करून स्कूटर काढली. वाटेत तो एक शब्द बोलला नाही, यावरून मामांना शंका आली की त्याने आपले पैसे आधीच भरलेत. तसं होतंच.

शेडच्या दारात आज आठदहा माणसांची रांग होती. भिंतीवर एक चकचकीत चौकट टांगली होती आणि रांगेतला प्रत्येक जण माना उंच करून ती वाचत होता. चौकटीत मामांचा अहवाल होता. शहाण्णवच्या आकड्याभोवती कुणीतरी सोनेरी वर्तुळ काढलं होतं.

ताईचे पैसे खिशात होते, पण ही माणसं? त्यांनी रांग ओलांडली, सरळ पहिल्या मांडणीशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा तपासणीच्या जागेत वस्तूला हात लावला. खोकं थंडगार होतं. त्यांनी झाकण उचकटलं. आत एक तळहाताएवढा पंखा, एक निळा दिवा आणि अर्धी वीट.

"वीट कशाला?" जावयाने रडवेल्या आवाजात विचारलं.

"हे मॉडेल वजनाला हलकं येतं," व्यवस्थापक म्हणाला.

मामा रांगेकडे वळले. "पैसे भरू नका. या खोक्यांत काही नाही."

"ओ काका, रांगेत या," पुढचा गृहस्थ म्हणाला. "आणि इथे तज्ज्ञाने तपासलंय, बघा. शहाण्णव."

"तो तज्ज्ञ मीच आहे!"

"हो का? तो बघा कसा मुद्देसूद लिहितो, आणि तुमची चप्पल उलटी आहे."

मामांनी खिशातून पेन काढून चौकटीच्या काचेवरच सही करून दाखवली. लफ्फा जुळला. रांगेत कुजबुज झाली. एक वयस्क बाई पुढे आल्या आणि त्यांनी मामांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुम्हीच लिहिलंत ना हे? मग तेव्हा काय झोपला होतात?"

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं, पण जमीन भक्कम होती, तिला त्यांनीच पूर्ण गुण दिले होते.

"जागा होतो," ते म्हणाले. "इमारत बघत होतो. इमारत फारच छान आहे हो. आग लागणारच नाही, कारण आत काही चाललेलंच नाही. मी चुकलो. साफ चुकलो. माझं ऐकू नका, हात लावून बघा."

बाईंनी हात लावला. मग गृहस्थांनी. पाचेक मिनिटांत शेडभर माणसं तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावेत तसे खोक्यांवर तळवे ठेवून हिंडत होती आणि एकेक झाकण धाडकन उघडत होतं. एवढ्यात खांद्यावरून टाय उडाला. व्यवस्थापक हिरव्या बाणांवरून धावत मागच्या दाराने पसार झाला. अकरा सेकंदांत, मामांनी सवयीने मोजले. एवढ्या वेगाने आजवर कुणी कुठली इमारत रिकामी केलेली त्यांनी पाहिली नव्हती.

रांग पांगली. एक मनुष्य मात्र पैसे भरायच्या खिडकीशी उभाच राहिला. वाळू चाळलेली आहे, म्हणजे माणसं अगदीच वाईट नसावीत, असं त्याचं म्हणणं होतं. जावयाने त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

संध्याकाळी तिघं ताईच्या टेबलाशी बसले. जावयाने आपली तीन महिन्यांची कमाई गेल्याचं सांगितलं आणि मान खाली घातली. ताईने त्याच्यापुढे गरम सूपची वाटी सरकवली, दुसरी मामांपुढे. कुणालाही ती टाकून बोलली नाही आणि मामांना तेच जास्त लागलं. त्यांनी चेक खिशातून काढून तिच्यासमोर ठेवला.

"गाळा आता कुठला," ताई म्हणाली. "मालकाला विचारते, पुढचा अर्धाच देतो का. टेबलं नाही मावणार. लोक उभ्याउभ्या खातील, काय बिघडलं? उद्या बोलते त्याच्याशी."

"माझे फंडाचे पैसे आहेत," मामा म्हणाले. "तसेच पडलेत. ते घाल. पूर्ण गाळा घे."

ताईने हात पदराला पुसले आणि ती त्यांच्यासमोर येऊन बसली. "नीट ऐक, भाऊ. मी चारशे माणसांचं रांधलंय, पण गल्ल्यावर एक दिवस बसले नाही. त्याच रस्त्यावर आधीच दोन खानावळी आहेत. गुडघा माझा पावसापाण्याचा धरतो. भुकेल्या माणसाकडे पैसे मागायची मला लाज वाटते, हे तर तुला ठाऊकच आहे. बुडेल हं कदाचित. तुझे, माझे, सगळेच्या सगळे बुडतील."

मामा तिच्याकडे बघत राहिले. जावयापासून व्यवस्थापकापर्यंत आणि मोबाइलवरच्या जाहिरातींपासून खुद्द त्यांच्या अहवालापर्यंत, या सबंध भानगडीत 'बुडेल' हा शब्द तोंडातून काढणारं हे पहिलंच माणूस होतं.

त्यांनी समोरच्या घरातून आपलं चेकबुक आणलं आणि जावयाकडून पेन मागून घेतलं.

"चेक कुणाच्या नावाने लिहू?" मामांनी विचारलं.