टाकीत उतरलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. रंग पांढरा, निदान कागदोपत्री तरी. मागच्या काचेवर लाल अक्षरांत 'शिकाऊ' असं लिहिलेलं आहे, त्यामुळे म्हातारपणीसुद्धा लोक मला शिकाऊच समजतात.

कारखान्यातून निघाले ती साध्या पेट्रोलवर पोसलेली. माझी टाकी, पंप, रबरी नळ्या, सगळं त्याच्याच बेताचं. पुढे एका बाईंनी मला विकत घेतलं आणि शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक बसवून घेतला. गल्लीत त्यांना मास्तरीणबाई म्हणत. त्या बायकांना गाडी शिकवायच्या. दुसरी गाडी त्यांच्याकडे नव्हती. मी चालले तरच त्यांचा वर्ग चालणार, आणि वर्ग चालला तरच घर.

किती जणी शिकल्या माझ्यावर! क्लच असा सोडायच्या की माझी हाडं खिळखिळी व्हायची. "अहो, गाडी आहे ती, नवरा नाही! जरा हळू घ्या," असं मास्तरीणबाई म्हणाल्या की शिकणारी इतकी हसायची की मी बंदच पडायचे. पण पहिल्यांदा एकटीनं चढ चढवला की तीच बाई स्टिअरिंगवर हळूच थोपटायची. तेवढं कौतुक मला पुष्कळ होतं.

मास्तरीणबाईंचे सासरे, आप्पा, मला रोज पाइप लावून धुवायचे. सून राबते आणि आपण बसून खातो, हे त्यांच्या मनाला लागायचं, म्हणून एवढं काम त्यांनी हट्टानं अंगावर घेतलं होतं. टाकीच्या झाकणापाशी धूळ फार बसते, तेव्हा तिथे धार जरा जास्तच. झाकणातली रबरी चकती तडकली होती. थेंब थेंब आत जायचा. पण ते पाणी तळाशी निमूट पडून राहायचं. मिस्त्री अधूनमधून काढून टाकायचा आणि कुणाचं काही बिघडायचं नाही.

मग पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. त्याला मी नावं ठेवणार नाही. उसापासून, मक्यापासून बनतं ते; जमिनीखालचं तेल तेवढंच वाचतं. नव्या गाड्यांची घडणच त्याच्यासाठी असते. मला मात्र ते सोसेना. नळ्या फुगल्या, मऊ पडल्या.

"बाई, नळ्या बदला. झाकणही बदला," मिस्त्रीनं बजावलं.

"एवढी परीक्षेची बॅच जाऊ दे," त्या म्हणाल्या. एका बॅचमागून दुसरी येतच राहिली.

इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. आप्पांचं पाणी आता तळाशी बसेना, ते इथेनॉलमध्येच मुरत गेलं. वरून काहीच कळायचं नाही. शेवटी मुरायलाही जागा उरली नाही, तेव्हा पाणी आणि इथेनॉल दोन्ही पेट्रोलपासून फुटून खाली उतरली, नेमकी माझ्या पंपाच्या तोंडाशी. परीक्षेच्या दिवशी, निरीक्षकांसमोर, ऐन चढावर मी आचके देत थांबले.

"माझंच काहीतरी चुकलं," शिकणारी रडायला लागली.

"तुमचं काही नाही हो," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मिस्त्रीनं टाकी उतरवली. आतून गंजलेली. "टाकी, पंप, नळ्या, सगळंच गेलंय. आणि हिचे पार्ट आता मिळत नाहीत. पण एवढं पाणी शिरलं कुठून? पाइप लावून धुता की काय?"

मास्तरीणबाईंनी झाकण उचलून तडकलेली चकती पाहिली आणि ते परत ठेवून दिलं.

घरी आप्पा दारातच उभे होते. "काय म्हणाला गं मिस्त्री?"

"वय झालं म्हणाला गाडीचं."

"एवढी निगा राखली तरी?"

"निगा राखलीत म्हणून तर इतकी वर्षं निघाली, आप्पा. चला, चहा टाकते."

आता मी भंगाराच्या आवारात आहे. उद्या यंत्रात घालून माझा चौकोनी गठ्ठा करतील. वर्ग बंद झाला; मास्तरीणबाई दुसऱ्याच्या दुकानात दिवसभर उभ्या असतात. नवी गाडी घेणं त्यांच्या आवाक्यातलं नाही, हे त्यांना कळतं आणि मलाही.

मित्रांनो, ज्याची काळजी घेता त्याला काय सोसतं, हे आधी विचारून घ्या. फुटकी चकती लगेच बदला. आणि कधी आप्पा भेटलेच, तर माझी गोष्ट त्यांना सांगा, पण वय झालं होतं, एवढीच.