भोंग्याच्या खुणा

दाराला वॉर्निशचा शेवटचा हात नुकताच मारून झाला होता. दार लाकडी घोडीवर आडवं ठेवलेलं, गिऱ्हाईक त्यावर वाकून 'वा' म्हणायच्या बेतात, आणि तेवढ्यात भोंगा आला. आला म्हणजे उडालाच. मागचे दोन पाय ओल्या दारावर, पुढचे दोन गिऱ्हाइकाच्या छातीवर, आणि जीभ थेट त्या गृहस्थाच्या चष्म्यावर.

दादाने कारखाना डोक्यावर घेतला. "उतर! खाली उतर म्हणतो ना! ए बहिऱ्या!"

कुत्र्याला बहिरा म्हणून हाक मारायची आणि ते ऐकत नाही म्हणून वर चिडायचं, हे फक्त दादालाच जमे. धाकटी धावत आली, कुत्र्याच्या डोळ्यांसमोर तळहात धरून खाली दाबला. ही बसायची खूण. भोंगा लगेच बसला. दारावरच बसला, आणि शाबासकीची वाट बघत ओल्या वॉर्निशमध्ये शेपटी फिरवू लागला.

गिऱ्हाईक शर्ट पुसत निघून गेलं. दादाने दाराकडे पाहिलं, मग धाकट्या बहिणीकडे. "आणखी एकदा कुणाच्या अंगावर गेलं ना, की त्याच दिवशी परत नेऊन सोडायचं. तू नाही नेलंस तर मी नेईन."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तशी ती जायला फारसा वेळ लागत नसे. राग तिच्या नाकावरच बसलेला असायचा, आणि भोंगा घरी आल्यापासून तर तो तिथून हललाच नव्हता. परत नेऊन सोडायचं म्हणे! आश्रयगृहात या कुत्र्याला आधीच दोन घरांनी परत आणून टाकलं होतं. पहिल्या घराला तो बहिरा आहे हे कळलंच नाही, त्यांनी त्याला हट्टी समजून बडवलं. दुसऱ्या घराला कळलं, म्हणून त्यांनी बडवलं नाही, नुसतं बांधून ठेवलं. "तिसऱ्यांदा आला तर याला कुणी नेणार नाही," तिथली बाई तोंडावर म्हणाली होती, "आणि ज्यांना कुणी नेत नाही त्यांचं काय होतं, ते मला विचारू नका." धाकटीने विचारलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती.

कारखाना दारं-खिडक्यांचा. बाबांनी उभा केलेला, आता बहीण-भाऊ मिळून चालवत. करवत आणि रंधा मशीन सुरू झालं की तिथे कुणी कुणाला हाक मारायच्या भानगडीत पडत नसे. सगळा कारभार हातांवर चाले. मूठ डोक्यावर ठेवली की चहा. तळहात खाली दाबला की फळी खाली घे. हात लांब करून छातीकडे ओढला की ये, ये, अजून ये. या खुणा बाबांनी बसवल्या होत्या, आणि धाकटीच्या हातांत त्या लहानपणापासून मुरल्या होत्या.

बहिऱ्या कुत्र्याला खुणांनी शिकवा, असं आश्रयगृहातल्या बाईने सांगितलं, तेव्हा धाकटी मनातल्या मनात हसली होती. खुणा? खुणा काय, आमच्या घरचाच धंदा. तिने वेगळं काही शोधलंच नाही. बसायला तळहात, यायला छातीकडे हात, आणि जमलं की अंगठा वर करून उकडलेल्या मांसाचा तुकडा. त्याचं लक्ष वेधायचं असेल तर कारखान्याच्या फळ्यांच्या जमिनीवर जोरात पाय आपटायचा. हादरा पंज्यांतून चढला की भोंगा गर्रकन वळून बघे. घरी दोघांचीच शिकवणी चाले तेव्हा हे कुत्रं असं काही वागे की बघत राहावं. नजर हलत नसे, पापणी लवत नसे.

आणि कारखान्यात पाऊल टाकलं की त्याला वेड लागे. उठायचा, बसायचा, इकडून तिकडे पळायचा, ज्याच्या त्याच्या अंगावर उड्या मारायचा आणि वर भुंकायचा. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसल्यामुळे त्याच्या भुंकण्याला काही ताळतंत्र नव्हता, म्हणून तर कामगारांनी नाव ठेवलं भोंगा. "अरे, डोकं आहे की भुसा भरलाय?" धाकटी त्याच्यावर ओरडे. ऐकू जाणार नाही हे ठाऊक असूनही ओरडे, कारण ओरडल्याशिवाय तिचा जीव गार होत नसे.

"ताई, त्याला दम द्यायला हवा," म्हातारा रंधेवाला सुचवे.

"दम दिलेला ऐकायला कान लागतात!"

"मग डोळे वटारा."

"वटारूनच ठेवलेत मी. बंद कधी करते?"



दादाच्या त्या धमकीनंतर धाकटी चिडून कामाला लागली. दुपारच्या सुट्टीत अंगण रिकामं असे, तेव्हा ती भोंग्याला तिथे नेई. कुंपणाच्या भिंतीपाशी बसवायचं, पाठ न फिरवता मागे मागे जायचं, आणि मी बोलावेन तेव्हाच ये, असं शिकवायचं. हळूहळू अंतर वाढत गेलं. त्या दिवशी तर ती थेट कारखान्याच्या दारापर्यंत मागे गेली आणि भोंगा जागचा हलला नाही. दगडात कोरल्यासारखा बसून होता. धाकटीला इतका आनंद झाला की क्षणभर ती रागावलेली नव्हती.

तेवढ्यात लाकडाचा ट्रक फाटकातून मागे मागे यायला लागला. ट्रकला वाट दाखवायला दादा अंगणात येऊन उभा राहिला, धाकटीकडे पाठ करून. धाकटीने विचार केला, बसू दे कुत्र्याला, चांगला बसलाय. ट्रक येतोय आणि तरी तो हलत नाही, हे दादालाही दिसू दे एकदा.

दादाने हात लांब केला आणि छातीकडे ओढला. ये, ये, अजून ये.

ती खूण ट्रकवाल्याने आरशात पाहिली. आणि भिंतीपाशी बसलेल्या भोंग्यानेही पाहिली.

कुत्रं उठलं. इतके दिवस ज्या एका खुणेसाठी त्याला तुकडे मिळत होते ती खूण अंगणाच्या मधोमध उभं राहून कुणीतरी मोठमोठ्याने करत होतं, आणि तेही दादा, ज्याने त्याला कधी जवळ बोलावलंच नव्हतं. तो सरळ रेषेत निघाला. त्या रेषेवर ट्रकची मागची चाकं येत होती.

धाकटीने पाय आपटला. अंगण सिमेंटचं, काही हादरलं नाही. मग ती शिरा ताणून ओरडली, "दादा! हात खाली कर! दादा!"

दादाचा हात चालूच राहिला. ये, ये.

ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला. चाक थांबलं तेव्हा भोंग्याची शेपटी त्याच्या वीतभर पुढे होती. भोंग्याला त्याचा पत्ताच नाही. त्याने दादाला गाठलं, दोन्ही पंजे त्याच्या छातीवर ठेवले, आणि बक्षिसासाठी तोंड वर केलं.

ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. घाम पुसत खाली उतरला. अंगणात एकदम शांत झालं, इतकं की आत रंधेवाला भांडं ठेवतोय तेही ऐकू आलं.

"दादा," धाकटीने हाक मारली. हाक स्पष्ट होती.

ट्रकवाल्याने वळून पाहिलं. रंधेवाला दारात येऊन उभा राहिला. दादाच्या खांद्यावरून भोंग्याने तिच्याकडे पाहिलं आणि शेपटी हलवली. दादा तसाच पाठमोरा उभा.

"दादा," ती पुन्हा म्हणाली. आणि मग तिला कळलं.

ती चालत त्याच्यासमोर गेली. ती दिसताच दादाने कुत्र्याला ढकललं आणि सुरू झाला, "बास! संपलं! आला की नाही अंगावर? सगळ्यांनी पाहिलंय. आजच्या आज न्यायचं!"

"तू बोलावलंस म्हणून आला."

"मी? मी ट्रकला बोलावत होतो!"

"खूण एकच आहे, दादा. मीच मूर्ख. कारखान्याची खूण मीच त्याला शिकवली. दिवसभर इथे जो तो हात हलवतो, तो प्रत्येकाचं ऐकायला धावतो, आणि वर प्रत्येक जण त्यालाच हाकलतो. वेड नाही लागणार तर काय होणार?" धाकटीचा श्वास चढला होता. "ते माझं चुकलं. आता तुझं सांग. मी हाक मारली तेव्हा वळला का नाहीस?"

"इंजिनच्या आवाजात—"

"इंजिन बंद होतं."

दादाने ट्रकवाल्याकडे पाहिलं. ट्रकवाला आपल्या चपला न्याहाळत होता.

"कधीपासून?"

"काय कधीपासून? काही नाही झालेलं. जरा दडे बसतात कानाला."

"दडे! ते कान झाकायचे इअरमफ मी आणून खुंटीला लावले, ते काय दृष्ट काढायला? बाबांचं काय झालं ते आपण दोघांनी बघितलं ना? त्याच मशीनवर ना?" आता तिला कुणी थांबवू शकत नव्हतं. "त्यांचे कान गेले तर तू त्यांना मशीनवरून उठवलंस आणि दारात स्टुलावर बसवून खिळे निवडायला दिलेस. वाकडे एका डब्यात, सरळ दुसऱ्यात. जेवताना त्यांच्या ताटावरून आपण बोलायचो. मी काही सांगायला गेले की तू म्हणायचास, जाऊ दे, त्यांना काय कळतंय. सगळं कळत होतं त्यांना! तोंडाकडे बघत बसायचे, कुणीतरी आपल्याशी बोलेल म्हणून. या कुत्र्यासारखे! आणि तू याला परत सोडायला निघालास? याला?"

 दादा एकदम उसळला, "म्हणूनच नाही सांगितलं! उद्या तू मलाही त्या स्टुलावर बसवशील!"

 भोंगा दोघांच्या मधे बसून एकदा हिच्या आणि एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"ते स्टूल मी फोडून चुलीत घालते," अखेर ती म्हणाली, पाठ फिरवून कारखान्यात गेली आणि खरोखरच करवत घेऊन बसली. स्टूल सागाचं होतं, पक्कं. चिरताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भुसा गेला म्हणत तिने ते पुसलं. रंधेवाल्याने मधे पडायचा विचार केला आणि शहाण्यासारखा सोडून दिला.

भोंग्याला कुणी परत नेलं नाही. तशी चर्चाही झाली नाही. धाकटीने त्याच्या खुणा पार बदलल्या. कारखान्यात कुणीही चुकून करणार नाही अशा शोधून काढल्या. यायला दोन्ही हात कानांना, बसायला हाताची घडी. जुनं विसरायला त्याला वेळ लागला, आणि तोवर ती कामगारांवर, कुत्र्यावर आणि स्वतःवर आळीपाळीने खेकसत राहिली. दादा इअरमफ लावू लागला, ते मात्र तिच्यादेखत नाही. कानाच्या डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की अजूनही वसकन अंगावर येई.

एकदा चहा तयार झाला. मशीनं बंद होती. दादा खिडकीशी पाठमोरा उभा राहून चौकट तपासत होता, आणि भोंगा कोपऱ्यात भुशाच्या ढिगावर लोळत होता. धाकटीने दोन हाका मारल्या. दुसरी चांगली खणखणीत होती. तिचं डोकं फिरलं. तिने फळीवर जोरात पाय आपटला.

दोघेही एकदमच वळले.

धाकटीने मूठ डोक्यावर ठेवली. दादाने आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग तिच्या पायाकडे, आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला. "मी काय कुत्रा आहे?"

"नाहीस. कुत्रा पहिल्यांदा पाय आपटला की वळतो. तुझ्यासाठी आधी दोनदा घसा फोडावा लागला."

दादा चिडून तिच्या अंगावर धावून येणार, असंच रंधेवाल्याला वाटलं. पण तो आला, समोर बसला, कप उचलला. 

"मग आधीच आपटायचा ना," तो म्हणाला.