फुफाट्यातली जीप

फौजेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेल्या नाथाजीनं लिलावातली जीप घेतली, ती बायकोला औंधच्या यमाईला न्यायला. वर्षाच्या आत शालूबाई गेली. पण फौजेची सवय हाडात मुरलेली. सहा महिने झाले की ऑइल बदलायचंच.

सांगलीत दस्तगीरच्या दुकानात त्यानं डबे उचलून उचलून पाहिले.

"कुठं फिरती जीप?" दस्तगीरनं विचारलं.

"जतच्या फुफाट्यात. लय धूळ रं. फिल्टर चांगला दे."

घरी येऊन त्यानं जीपखाली घमेलं सरकवलं आणि बोल्ट सोडला. चालत्या गाडीचं ऑइल काळंकुट्ट निघतं. हे मात्र ओतलं तसंच, मधासारखं पिवळंधमक उतरलं.

नाथाजीनं नवं भरलं, हात पुसले आणि दाराकडं तोंड करून म्हणाला, "गाडी तयार हाय गं."