सासरेबुवा

"या सीटवर बसलं की कंबर जमिनीला टेकते बाई. उठवायला आता क्रेन मागवा," नणंद मिस्त्रीणबाईंच्या कानाशी कुरकुरली.

मिस्त्री गेल्यापासून माणसं भेटायला येत होती आणि मागच्या दोन खोल्यांत मावत नव्हती, म्हणून पुढे गॅरेजमध्येच बसत होती. बसायला मोडीत काढलेल्या गाड्यांच्या सीटा. मिस्त्रींनीच त्या भिंतीशी मांडलेल्या. गिऱ्हाईक एकदा त्यात रुतलं की काम होईपर्यंत उठायचं नाव काढत नाही.

"जिभेला हाड नव्हतं, पण माणूस लाखाचा," रिक्षावाला म्हणाला. "माझ्या रिक्षाला म्हणायचे, हिला कोरडा खोकला झालाय. मालकाच्या पोटात जातं त्यातलं थोडं तेल हिच्याही पोटात जाऊ दे."

सगळे हसले, आणि हसलो म्हणून ओशाळले.

हसला नाही तो फक्त धाकटा दीर. कोपऱ्यात जॅकसमोर उकिडवा बसला होता. जॅक त्यानेच भंगारातून आणलेला. भाऊ गेल्यापासून त्याने पान्याला हात लावला नव्हता, घास घशाखाली उतरत नव्हता. सगळ्यांनी त्याला एकच सांगितलं होतं: जॅक बसला, गाडी अंगावर आली.

जॅक कुचकामी आहे, हळूहळू खाली बसतो, हे मिस्त्रींना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर सासरेबुवा होते. सासरेबुवा म्हणजे एक लाकडी ठोकळा, तेल पिऊन पिऊन काळाठिक्कर झालेला. "हलत नाहीत, बोलत नाहीत, पण डोक्यावर केवढाही भार पडो, वाकत नाहीत. थेट हिचे वडील!" लग्न नवं होतं तेव्हा हे ऐकून मिस्त्रीणबाई फुरंगटून माहेरी निघाल्या होत्या. गाडीखाली सासरेबुवा बसले की मगच मिस्त्री आत शिरायचे. पोटात कावळे ओरडोत नाहीतर बाहेर गिऱ्हाईक.

"शेवटी शेवटी हाताला जरा कंप..." रिक्षावाल्याच्या तोंडून निसटलं.

"चहा घ्या तुम्ही," नणंदेने कप पुढे केला.

कंप जरा नव्हता. कपातला चहा बशीत आणि बशीतला शर्टावर जायचा. त्याच हातांनी बसवलेलं एका बाईच्या गाडीचं चाक भर रस्त्यात निखळलं. मागच्या सीटवर तिचं लेकरू होतं. वाचलं. त्या दिवसापासून मिस्त्रींनी कुणाला शिवी दिली नाही. घरातले म्हणाले, चला, माणूस निवळला एकदाचा.

मग ती दुपार. दीर सुटे भाग आणायला गेलेला. आवाज ऐकून मिस्त्रीणबाई, नणंद, रस्त्यावरचा रिक्षावाला, सगळे धावले. गाडी उचलली तेव्हा उशीर झाला होता. ठोकळा भिंतीवरच्या फळीवर होता. स्वच्छ पुसलेला, आणि त्यावर मिटून ठेवलेला चष्मा. चष्म्याशिवाय मिस्त्रींना स्वतःचा अंगठा दिसत नसे. नणंदेने चष्मा मुठीत लपवला, ठोकळा आत नेऊन पिंपामागे सरकवला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, तरी सगळे एकच बोलू लागले.

"वहिनी," दीर अचानक म्हणाला, "मी चाललो हे सोडून. ठोकळा लावायच्या आतच हा बसला. दादाला मी मारलं. कुठल्या तोंडाने इथं राहू?"

"असं बोलू नये रे," नणंद घाईने म्हणाली. "नशीब एकेकाचं."

मिस्त्रीणबाई दोन्ही हात टेकून सीटमधून उठल्या. आत गेल्या, पिंप हलवलं, ठोकळा पोटाशी धरून बाहेर आणला.

नणंदेने दंड धरला. "वहिनी, नको. नाव जाईल दादाचं."

"आणि भावजी चालले आहेत, त्यांचं काय, वन्सं?"

ठोकळा दिरासमोर ठेवून त्या तिथेच जमिनीवर बसल्या. पुसलेला होता तरी हात काळे झाले.

"भावजी, जॅकचा काही दोष नाही. सासरेबुवांना ह्यांनी स्वतःच्या हाताने उठवून फळीवर ठेवलं होतं. वर चष्मा काढून ठेवला होता. हे गाडीखाली कामाला शिरलेच नव्हते. मरायला शिरले होते."