ग्युर्गाचा सूर पुसला गेला

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. रोडोपी डोंगरातल्या एका गावच्या वाचनालयात, कपाटामागे माझा पंखा घरघरत असतो. राजधानी सोफियातल्या एका कचेरीने मला मोडीत काढले होते. संगीतशिक्षक ओग्न्यान यांनी मला इथे आणले, धूळ झटकली आणि गावातल्या बायकांची गाणी माझ्यात साठवली.

पोटापाण्यासाठी जर्मनीला, स्पेनला गेलेली माणसे तिथून ती ऐकू लागली. सगळ्यांत जास्त मागणी स्टांका आणि ग्युर्गा या बहिणींच्या कापणीच्या गाण्याला. स्टांका गाणे पुढे नेई, ग्युर्गा खाली एकच सूर धरून राही; ओळ संपली तरी तो घुमत राही. "मावशी, रडवलंत हो!" असे लोक लिहीत. मला फार अभिमान वाटे.

हळूहळू माझी जागा भरली. ओग्न्याननी पीएचपी या संगणकाच्या भाषेत एक छोटे पान लिहिले. फोल्डरचे नाव द्यायचे, बटण दाबायचे, की आतल्या फाइली गेल्या. त्यांना जत्रेचे नवे व्हिडिओ चढवायचे होते.

"जुन्याची नक्कल आहे ना गं?" त्यांनी ग्रंथपाल वेलिकाला विचारले.

"आहे की, त्या डिस्कवर," ती पुस्तके लावता लावता म्हणाली.

त्यांनी गाण्यांच्या फोल्डरचे नाव दिले आणि बटण दाबले. हुकूम आला की मला थांबता येत नाही.

हिवाळ्यात ग्युर्गा वारली. काही दिवसांनी स्टांका आली. "ओग्न्यान, आमचं गाणं लाव रे. तिचा आवाज ऐकायचाय."

वेलिकाने डिस्क जोडली. तिच्यात नुसते फोटो होते. वेलिकाचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तू जुन्या फोटोंचंच विचारतोयस!"

"मग कचरापेटीतून काढा ना," स्टांका म्हणाली.

"मावशी, इथे कचरापेटी नसते. पुसलं की गेलं. त्या जागेवर मी जत्रा चढवली."

"बँडवाल्यांचा धांगडधिंगा ठेवलास आणि माझी बहीण घालवलीस?"

ओग्न्याननी माइक जोडला. मग हळूच म्हणाले, "तुमचा तरी आवाज ठेवू द्या, मावशी."

 ती उभी राहून एकटीच गायली. दर ओळीनंतर थांबे. तेवढी जागा बहिणीच्या सुराची होती.

परवा ते ऐकून स्पेनहून कुणीतरी लिहिले, "गाणं मधेमधे तुटतंय. फाइल बिघडलीय का?"

फाइल ठीक आहे, मित्रांनो. नको असेल ते खुशाल पुसा. पण बटणावर बोट ठेवण्याआधी ते एकदा उघडा आणि आत कोण आहे ते ऐका.