नऊ आडवा

बनुबाई गेल्याचं कळलं तेव्हा नाथाजीच्या हातात तिची वही होती. साताऱ्याच्या दवाखान्यातून तो पहिल्या एसटीने कोरेगावला घरी आला होता, वही न्यायलाच. ट्रंकेतल्या साड्यांखाली ती सापडली. तो ती पिशवीत घालत होता आणि फोन वाजला. पृथ्वीराज होता, त्याचा मुलगा. "आबा, तुमी या," एवढंच तो बोलला. नाथाजी म्हणाला, "येतोय की. वही घिऊन येतोय." मुलगा पुढं काही बोलला नाही. मग नाथाजीला कळलं.

आदल्या संध्याकाळी बनुबाईला बरं वाटत होतं. उशाला टेकून बसली होती. म्हणाली, "मला कायतरी खावंसं वाटतंय."

"काय?"

"असं न्हाई सांगायची. माझी नवी वही आणा. त्यात नऊ आडवा बघा."

"आता हितं कोडी सोडवत बसू व्हय? आधी बरी हो, मग खा काय खायचं ते."

"तुमी कवा सोडवलंय का एक तरी?" ती हसली. "उद्या आणा. मग बघू."

नाथाजी सैन्यात ड्रायव्हर होता. अठरा वर्षं नोकरी केली, पेन्शन घेऊन गावी आला, शेती बघू लागला. त्याला छंद असा नव्हता. बनुबाईला तीन होते आणि ते तिने एकात एक गुंतवले होते. ती सांगलीजवळच्या माधवनगरची. वडील तिथल्या गिरणीत कामाला. बॉबिनला उरलेलं सूत ते घरी आणायचे आणि त्या सुताने ती लहानपणापासून वह्या शिवायची. एका बाजूला कोरे असलेले कागद, जुन्या कॅलेंडरची पानं, मुलाच्या शाळेतल्या प्रश्नपत्रिका, सगळं सारखं कापायचं, दाभणाने तीन भोकं पाडायची, शिवायचं. पुठ्ठ्याला लग्नपत्रिका, खळीने चिकटवलेली. पत्रिका कुणाची, यावर वहीचं नाव. ही 'उत्कर्षाची वही', ती 'दिग्विजयची वही'.

वहीत पहिल्या पानावर तिने स्वतः रचलेलं शब्दकोडं असायचं. पुढच्या पानांवर खाणं. जे पहिल्यांदा खाल्लं त्याला एक पान. चार ओळी ठरलेल्या: नाव, कुठं खाल्लं, चव, परत खायचं का. लग्नाला गेली की बाकीच्या बायका साड्या बघायच्या, ही ताटात नवीन काय आहे ते बघायची.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. पृथ्वीराज साताऱ्याला कामावर गेला. नाथाजीने त्या दिवशी तिच्या जुन्या वह्या काढून वाचल्या. 'नूडल्स. कोरेगाव स्टँडसमोर. चव: शेवयांचं भांडण झाल्यासारखी. परत: न्हाई.' 'पास्ता. पृथ्वीराजकडं. चव: चांगली, पण लसूण कमी, सुनंला सांगितलं न्हाई. परत: व्हय.' 'भडंग. सांगली. चव: काय लिहायची, म्हायेरची हाय.' नाथाजीला हसू आलं. मग ते गेलं.

नवी वही मात्र अर्धीच शिवलेली होती. सुई दोऱ्यातच लटकत होती. पहिल्या पानावर कोडं आणि त्याच्या मागच्या पानावर चार ओळी आखलेल्या. नाव, कुठं, चव, परत. सगळ्या रिकाम्या.

नऊ आडव्याला तीन घरं होती आणि खूण होती: 'माझं खायचं राहिलंय ते.'

नाथाजीने ठरवलं की हे सुटल्याशिवाय वही ट्रंकेत जाणार नाही. तिला काय खायचं होतं एवढं तरी आपल्याला कळलंच पाहिजे. विचारायची वेळ होती तेव्हा आपण 'आधी बरी हो' म्हणालो. आता विचारायला माणूस नाही, पण कागद आहे.

रोज सकाळी सहाला अंघोळ करून तो ओट्यावर बसू लागला. चूक एकच केली. बनुबाई कोडी पेन्सिलीने सोडवायची. याने पेन घेतला. सैन्यात लॉगबुक पेनानेच भरायचं असतं, ही सवय.

पहिले आठ-दहा शब्द निघाले. मग बारा आडवा आला: 'भाकरीबरोबर लागतंच.' चार अक्षरं. नाथाजीने विचारही केला नाही. कालवण. ठसठशीत लिहिलं. त्यातला व दहा उभ्यात शेवटी येत होता. दहा उभ्याची खूण, 'मैतराला मारायची हाक', दोन अक्षरं. शेवटी व. राव. हे पण बसलं. आणि राव मधला रा नेमका नऊ आडव्याच्या मधल्या घरात पडला.

मधे रा असलेलं, तीन अक्षरी, खायचं. चार दिवस त्याला हे सुचेना. तो दादासोच्या दुकानात गेला. दादासो त्याचा शाळेपासूनचा सोबती. चष्मा कपाळावर सरकवून त्याने वही बघितली.

"किराणा," तो म्हणाला.

"किराणा खातात व्हय रं?"

"माझं घर खातंय की चाळीस वर्षं."

"दादासो, चेष्टा नगं. ती जाताना मागत व्हती ते हाय ह्ये."

दादासोने वही फिरवून फिरवून बघितली. मग हळूच म्हणाला, "फराळ बसतंय बघ, गड्या."

फ, रा, ळ. बसत होतं. नाथाजीने दुकानातच पेन काढून लिहिलं. दोन दिवसांनी बचत गटाच्या बायकांकडून चकली, चिवडा, लाडू करून घेतले आणि बनुबाईच्या फोटोपुढं ताट ठेवलं.

"मार्च म्हैन्यात फराळ," दादासो लाडू खात म्हणाला. "पर चांगलं झालं. सुटलं एकदाचं."

पण नाथाजीला चैन पडेना. बत्तीस दिवाळ्या बनुबाईने स्वतःच्या हाताने फराळ केला होता. तिचं ते कसं राहील? शिवाय अकरा उभा रिकामाच होता. 'हंगाम', तीन अक्षरं. तो फराळातल्या ळ पासून सुरू होत होता आणि दुसऱ्या घरात कालवणातला ण. ळण आणि पुढं काहीतरी. त्याने पृथ्वीराजला फोन लावला.

"ळ वरनं शब्द सांग एक."

"कसला?"

"कसला बी. हंगामाला काय म्हणत्यात ते."

"आबा, मराठीत ळ वरनं शब्दच सुरू व्हत न्हाई. कायतरी मागं चुकलंय तुमचं."

"मागं कुठं?"

"त्ये मी कसं सांगू? आईचं कोडं हाय त्ये. आबा, ठीक हाय ना सगळं? हिकडं येता का चार दिवस?"

"ठीक हाय. चुकलंय एवढंच."

डोंगरात गाडी चालवताना रस्ता चुकला तर पुढं रेटायचं नसतं. शेवटचा ओळखीचा दगड जिथं दिसला तिथपर्यंत मागं यायचं. नाथाजी तसा एकेक शब्द मागं आला. कालवण बरोबर वाटत होतं. राव बरोबर वाटत होतं. फराळ बरोबर वाटत होतं. मग त्याने पिशवी भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वेने माधवनगरला गेला, हरणाबाईकडं.

हरणाबाई म्हणजे बनुबाईची थोरली बहीण. सत्तरीची, बोलायला फटकळ. दारात त्याला बघून तिने डोळ्याला पदर लावला, आणि लगेच आत जाऊन भाकरी थापायला बसली. जेवल्याशिवाय कोड्याचं नाव काढू दिलं नाही. ताटात भाकरी आणि वाटीभर गरम, पातळ, तांबडं.

"कोरड्यास वाढू का आजून, दाजी?"

"बास, आक्का."

"घ्या हो. वाळलायसा निम्मं."

जेवण झाल्यावर त्याने वही पुढं केली. हरणाबाईने चष्मा शोधला, बोट ठेवून एकेक घर वाचलं. बारा आडव्यावर बोट थांबलं.

"ह्ये काय लिवलंय?"

"कालवण. भाकरीबरोबर लागतंच, असं इचारलंय तिनं."

"मग कालवण कुठनं आणलंत?"

"म्हंजे?"

"आवं दाजी, आता काय खाल्लंत तुमी?"

नाथाजीने रिकाम्या वाटीकडं बघितलं. कोरड्यास. को, र, ड्या, स. चार अक्षरं.

"पर घरात तर ती कालवणच म्हणायची," तो म्हणाला.

"म्हणंल न्हाई तर काय करंल? लगीन झाल्यावर तुमी परत ड्यूटीवर गेलासा, त्याच्या चौथ्या दिवशी तुमच्या आईला म्हणाली, कोरड्यास झालंय. तुमची आई सगळ्या बायकांदेखत हसली. म्हणं, पातळ वस्तूला कोरडं म्हणत्यात, माधवनगरात पाण्याला पण कोरडंच म्हणत असतील. तवापासनं तुमच्यात कालवण. हितं आली की कोरड्यास. तुमाला ठावं न्हाई?"

त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हा तो बॉर्डरवर होता. पुढं सुट्टीवर आला तेव्हा घरात कालवणच होतं आणि ते कसं आलं हे विचारायचं त्याला कधी सुचलं नाही.

हरणाबाईकडं पेन्सिल नव्हती. नाथाजी कोपऱ्यावरच्या दुकानात गेला, पेन्सिल घेऊन आला. पेनाची अक्षरं खोडता येईनात म्हणून त्याने दुसऱ्या कागदावर तेवढीच घरं आखली आणि पुन्हा सुरू केलं. कोरड्यास. मग दहा उभ्यात व च्या जागी ड्या आला. मैतराला मारायची हाक. गड्या. दादासो त्याला रोज हीच हाक मारत होता.

कोरड्यासमधला स अकरा उभ्यात मधे पडला. हंगाम, मधे स.

"मोसम," हरणाबाई म्हणाली. "काकड्यांचा मोसम, आंब्याचा मोसम. आमचे वडील म्हणायचे."

मोसमातला मो नऊ आडव्याच्या शेवटच्या घरात गेला. मधे गड्यातला ग. पहिलं घर रिकामं.

"कायतरी ग मो," हरणाबाई म्हणाली. "असलं काय असतंय खायला? बनीचं चुकलंय बघा."

नाथाजीने कागद जवळ ओढला. मग त्याने पहिल्या घरात तिं लिहिलं.

"तिंगमो," हरणाबाईने वाचलं. "ह्ये काय आणि?"

हा शब्द माधवनगरात कुणाला माहीत नव्हता आणि कोरेगावातही तो पदार्थ एकानेच खाल्ला होता. लेहला असताना गाड्या उभ्या करायच्या तळाजवळ एका म्हातारीचं हॉटेल होतं. थंडीत बोटं वळायची नाहीत तेव्हा ती वाफेवर शिजवलेला, पापुद्र्यापापुद्र्यांचा गोळा द्यायची, सोबत भाजीचा गरम रस्सा. तिंगमो. नाथाजीने आयुष्यात एकाच पदार्थाचं कौतुक केलं ते हेच. बारशात, साखरपुड्यात, कुठंही पंगतीत बसला की तो तिंगमोवर यायचा. बनुबाई दर वेळी विचारायची, "पर चव कशी असती?" आणि हा दर वेळी सांगायचा, "पावासारखी. पर पाव न्हाई."

"ह्याला काय चव सांगितली म्हणत्यात?" ती म्हणायची. "नीट सांगा की."

"खाल्ल्याबिगर न्हाई कळायचं."

बत्तीस वर्षं तिने ते नुसतं ऐकलं होतं. हे सगळं त्याने हरणाबाईला सांगितलं. सांगताना एकदा थांबला, पाणी प्यायला, पुन्हा सांगितलं. हरणाबाई ऐकून घेऊन म्हणाली, "मग करा की. मला बी द्या."

"मला कुठं येतंय?"

"तिला तरी कोडं कुठं येत व्हतं, म्हायेरात असताना? शिकलीच की."

नाथाजीला ते पटलं. परत येताना त्याने सांगली स्टँडजवळून भडंग घेतलं, दादासोसाठी. कोरेगावात उतरल्यावर बेकरीत जाऊन यीस्ट मागितलं. बेकरीवाल्याने विचारलं, "केक करायचाय का?" नाथाजी म्हणाला, "न्हाई. पावासारखं हाय, पर पाव न्हाई."

पहिल्या रविवारी पीठ फुगलंच नाही. गोळे मोदकपात्रातून निघाले ते दगडासारखे. दादासोने एक हातात घेऊन तोलला. "ह्ये तराजूत टाकाय चालंल," तो म्हणाला. दुसऱ्या रविवारी नाथाजीने पृथ्वीराजला फोन करून विचारलं. पृथ्वीराजने मोबाइलवर बघून सांगितलं की पाणी कढत नको, कोमट हवं, आणि पीठ तासभर झाकून ठेवायचं. तेव्हा फुगलं, पण पापुद्रे सुटले नाहीत. तिसऱ्या रविवारी त्याने पोळी लाटली, तेल लावलं, गुंडाळली, पिळली आणि मग वाफवली. झाकण उघडलं तेव्हा पापुद्रे सुटे दिसत होते. लेहची म्हातारी बघून हसली असती, पण ओळखलं असतं तिने.

सोबत त्याने रस्सा केला होता, घेवड्याचा, लसूण जास्त. एक ताट फोटोपुढं ठेवलं. एक हरणाबाईला पाठवायला डब्यात भरलं. दादासोने दोन खाल्ले. "कोरड्यास भारी झालंय," तो म्हणाला. हा शब्द नाथाजीने त्याला मागच्या आठवड्यात सांगितला होता.

मग नाथाजीने स्वतः खाल्लं. सावकाश. हात धुऊन अर्धी शिवलेली वही काढली, चार ओळींचं पान उघडलं आणि पेन्सिलीने लिहिलं.

नाव: तिंगमो. कुठं खाल्लं: घरी. परत खायचं का: व्हय.

चवीच्या ओळीवर तो बराच वेळ थांबला. पावासारखी, असं लिहायचं नाही हे त्याने ठरवलेलं होतं. दर रविवारी तो पुन्हा करतो, पुन्हा खातो, आणि पेन्सिल घेऊन बसतो.

चव अजून लिहायची राहिली आहे.