घेवड्यातली वाट

माझी थोरली जाऊ गोजरबाई रोज पहाटे कुठं जाते, हे आम्हाला घेवड्याच्या रोगानं सांगितलं.

तिचा पोरगा सहादेव दुष्काळात खडी फोडायच्या कामावर बापाशी, म्हणजे माझ्या भाऊजींशी, भांडला आणि एका ट्रकवाल्याबरोबर निघून गेला. वर्ष झालं, ना चिठ्ठी ना निरोप. भाऊजींनी पोराचं नाव टाकलं. घरात कुणी काढलं तर ताटावरून उठायचे. आमच्या घरातले पुरुष रागाला मोठे आणि मायेला मुके. मला त्यांची चीड यायची.

यंदा पाऊस बरा झाला. कुठून कुठून बी मिळवून घेवडा पेरला होता. शेंगा धरल्या आणि त्यांवर काळे, खोलगट डाग दिसायला लागले. भाऊजींनी ग्रामसेवकाला आणलं. त्यानं करपा सांगितला. पानं ओली असताना पिकातून कुणी गेलं की अंगाला, कपड्याला लागून रोग झाडाझाडाला पोचतो. दव सुकल्याशिवाय आत जायचं नाही, लागलेली झाडं उपटून जाळायची, आणि डागाळल्या शेंगांचं बी धरायचं नाही.

मग उभा राहून तो शेताकडं बघत राहिला. रोग सगळीकडं नव्हताच. भाऊजींच्या दारापासून पलीकडच्या बांधापर्यंत एकच पट्टा करपला होता. त्या बांधावरून पारनेरचा फाटा दिसतो, पहिली एस.टी. तिथं थांबते. शेताच्या कडेकडेनं गेलं तर माझं दार लागतं, आणि मी विचारल्याशिवाय सोडते होय!

"पहाटेचं इथून कोण जातं?" ग्रामसेवकानं विचारलं.

गोजरबाईनं मान खाली घातली.

"मी जातो," भाऊजी म्हणाले. उन्हं वर आल्याशिवाय ते घोंगडीतून बाहेर येत नाहीत, हे सगळ्या वस्तीला ठाऊक.

संध्याकाळी गोजरबाई माझ्याकडं आली. म्हणाली, आता नाही जायची. बी बुडालं तर पुढल्या साली पेरायचं काय? बोलता बोलता रडली. मीही रडले. माझ्या दारावरून जा, काही विचारणार नाही, असं मी सांगितलं. पण तिनं नाही म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर भाऊजींनी तो पट्टा उपटून जाळला. रोगट झाडं तर उपटलीच, वर दोन्ही अंगांची हात हातभर चांगली, शेंगांनी लगडलेलीही उपटली. माणसाचं डोकं फिरलं, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी अंगणात होते. भाऊजी घोंगडी पांघरून दारात उभे होते.

"जा," ते गोजरबाईला म्हणाले. "आता लुगडं लागायचं न्हाई कशाला."

ती गेली. फाट्यावर एस.टी. थांबल्याचा आवाज आला, मग निघाल्याचा. भाऊजी जागचे हलले नाहीत. गोजरबाई त्या मोकळ्या पट्ट्यातून एकटीच परत आली. ती एकटी आहे हे त्यांना लांबूनच दिसत होतं. तरी ती जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "सहादेव उतरला का गं?"